एका कॅरियरवर वीस संभाषणं: स्प्रेड स्पेक्ट्रम रेडिओचं डिझाइन, पायरीपायरीने

स्प्रेड स्पेक्ट्रमवर (अरुंद सिग्नल मुद्दाम रुंद पट्ट्यात पसरवून पाठवण्याच्या तंत्रावर) प्रोजेक्ट करायला घेतलेले विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो कोडचा, म्हणजे सिग्नल पसरवणाऱ्या +१, −१ च्या क्रमाचा. गोल्ड कोड घेऊ की कासामी? लांबी १२७ ठेवू की १०२३? कोड महत्त्वाचा आहेच, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. अनेकांचं बोलणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी चालवायचं तर सगळ्यांत मिळून वापरायची वस्तू एकच असते : बेस स्टेशनच्या (मोबाइल टॉवरच्या) अँटेनावर पोहोचणारी एकूण पॉवर. त्यातला प्रत्येकाचा वाटा जेवढा लहान, तेवढी जास्त माणसं मावतात. व्होकोडरपासून (आवाज कमी बिटांत बसवणाऱ्या भागापासून) अँटेनाच्या कलापर्यंत प्रत्येक निर्णय या एका हिशेबात तोलायचा. हा हिशेब ज्याला हातात कागद घेऊन मांडता येतो, त्याला कोड निवडणं जड जात नाही.

उदाहरण म्हणून इथे आयएस-९५ हे सीडीएमए, म्हणजे कोडने माणसं वेगळी करणाऱ्या, मोबाइलचं मानक घेतलं आहे. हे मानक १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, १९९५ मध्ये हाँगकाँगला आणि १९९६ मध्ये दक्षिण कोरियात त्यावर प्रत्यक्ष फोन सुरू झाले. आपल्याकडे २००३ च्या सुमारास रिलायन्स आणि टाटाचे जे सीडीएमए फोन घरोघरी आले, ते त्याच्या पुढच्या पिढीचे, म्हणजे सीडीएमए २००० वन-एक्सचे. पण हाडाचा सापळा तोच. ती नेटवर्क आता बंद झाली. तरी शिकण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण यातला जवळजवळ प्रत्येक आकडा तसाच का आहे, हे हाताने पडताळून बघता येतं.

पायरी १ : सुरुवात आवाजापासून

साधा डिजिटल टेलिफोन सेकंदाला ६४,००० बिट वापरतो. रेडिओवर ही चैन परवडत नाही. आयएस-९५ चा मूळ व्होकोडर बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी चारपैकी एक दर निवडतो. चॅनलवर हे दर ९६००, ४८००, २४०० आणि १२०० बिट प्रतिसेकंद असे दिसतात. माणूस बोलत असेल तर पूर्ण दर. ऐकत असेल किंवा श्वास घ्यायला थांबला असेल तर आठवा हिस्सा.

खरी कमाई या बदलत्या दरात आहे. दोघांच्या संभाषणात एक जण साधारण ४० टक्केच वेळ बोलतो. उरलेल्या वेळात त्याच्या फोनने पॉवर पाठवली नाही, तर ती जागा आपोआप दुसऱ्यांना मिळते. त्यासाठी कुठलं वेळापत्रक लागत नाही, कुणाला चॅनल सोडावा लागत नाही. स्लॉट वाटून देणाऱ्या पद्धतींना हा फायदा एवढ्या सहज घेता येत नाही.

म्हणून बोलणं चालू आहे की नाही हे ओळखणारा भाग नीट तपासा. शांत खोलीत तो छान चालतो. दादरच्या फुलबाजारात फोन धरला की मागच्या गोंगाटालाच तो बोलणं समजतो, दर वर चढतो आणि त्या सेक्टरची (टॉवरच्या एका बाजूच्या भागाची) क्षमता घसरते. व्होकोडरच्या आधी नॉइज सप्रेशन लावलं की ऐकणाऱ्याचे कान सुखावतात आणि सेक्टरमध्ये माणसंही वाढतात. उलट उंबरठा फार कडक ठेवला तर शब्दांची टोकं कापली जातात. मराठीत हे लगेच कळतं : हलक्या आवाजात संपणारं वाक्य, शेवटचं ‘आहे’ किंवा ‘ना’ गायब. चाचणीसाठी इंग्रजी वाक्यांची तयार फाइल घेऊन थांबू नका. बाळ, भात, बात, घर, गार असे जवळजवळचे शब्द वेगवेगळ्या वयाच्या बायका-पुरुषांकडून वाचून घ्या आणि ते ऐकणाऱ्याला लिहायला सांगा.

घरच्या किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टला कोडेक-२ हा मुक्त स्रोत व्होकोडर पुरतो. त्याच्या ३२०० बिटच्या पर्यायात २० मिलिसेकंदाला ६४ बिट मिळतात. त्याला निम्म्या दराचं एरर करेक्शन (एका बिटामागे दोन पाठवून चुका सुधारणं) आणि ३१ चिपचा कोड (चिप म्हणजे कोडचा एक ठोका) लावला, तर चिप रेट १,९८,४०० होतो. एवढं काम साधा लॅपटॉप सहज पेलतो.

पायरी २ : कोडने पसरवायचं की उड्या मारायच्या

स्पेक्ट्रम पसरवण्याचे दोन मुख्य मार्ग. एकात प्रत्येक बिटाला वेगवान कोडने गुणतात, म्हणजे डायरेक्ट सिक्वेन्स. दुसऱ्यात अरुंद सिग्नल ठरलेल्या क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलत राहतो, म्हणजे हॉपिंग. ब्लूटूथ ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं; अमेरिकी लष्कराचा सिनगार्स रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला सुमारे शंभर. मध्ये बेस स्टेशन नाही, कोण किती जवळ आहे यावर कुणाचा ताबा नाही, अशा ठिकाणी हॉपिंग घ्या. बेस स्टेशन आहे, ते प्रत्येकाची पॉवर ताब्यात ठेवू शकतं आणि शेजारच्या सेलमध्येही तीच फ्रिक्वेन्सी वापरायची आहे, तर डायरेक्ट सिक्वेन्स. पुढचं सगळं दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे.

पायरी ३ : चिप रेट आणि प्रोसेसिंग गेन

आयएस-९५ चा चिप रेट १२,२८,८०० प्रतिसेकंद. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. ९६०० ला १२८ ने गुणलं की तो येतो, आणि तो साधारण सव्वा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतो. प्रोसेसिंग गेन, म्हणजे सिग्नल किती पट पसरला ते, हाच १२८; डीबीमध्ये (पटींच्या लॉगरिदमच्या मापात : ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट) २१.

एक गैरसमज इथेच काढून टाका. पसरवल्यामुळे पांढऱ्या गोंगाटाविरुद्ध (सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारख्या असलेल्या व्हाइट नॉइजविरुद्ध) काहीही फायदा होत नाही. एकटाच फोन असेल आणि फक्त थर्मल नॉइज (उष्णतेमुळे येणारा असाच गोंगाट) असेल, तर पसरवलेला आणि न पसरवलेला सिग्नल सारख्याच चुका करतात. गेन उपयोगी पडतो तो इतरांच्या सिग्नलविरुद्ध आणि परावर्तित लहरी वेगळ्या करण्यासाठी. सिम्युलेशनमध्ये एकट्या युजरचा बिट एरर रेट पसरवल्यावर सुधारलेला दिसला, तर आनंद मानू नका. नॉइजची पातळी मोजण्यात चूक झाली आहे.

पायरी ४ : किती माणसं मावतील

हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो आणि प्रत्येकाने तो एकदा तरी हाताने करावा.

नीट ऐकू येण्यासाठी प्रत्येक बिटाची ऊर्जा आणि नॉइज-इंटरफिअरन्सची घनता यांचं गुणोत्तर साधारण ७ डीबी लागतं, म्हणजे ५ पट. १२८ भागिले ५, म्हणजे २५.६. सगळे जण सतत बोलत असतील आणि सेल एकच असेल, तर मर्यादा ही.

आता बोलण्याचं प्रमाण ०.४ धरा. २५.६ भागिले ०.४, म्हणजे ६४.

शेजारच्या सेलमधले फोनही त्याच फ्रिक्वेन्सीवर आहेत. त्यांचा एकत्र त्रास आपल्या सेलच्या सुमारे ६० टक्के धरतात. ६४ भागिले १.६, म्हणजे ४०.

बेस स्टेशनला १२० अंशांचे तीन सेक्टर असले, तरी अँटेनांचे पट्टे एकमेकांवर चढतात. प्रत्येक सेक्टरसाठी ०.८५ ने गुणा : ३४.

हे ३४ म्हणजे भिंत आहे. तिथे पोहोचायला प्रत्येक फोनला अनंत पॉवर लागेल. भिंतीच्या किती जवळ जायचं हे आपण ठरवायचं. क्षमतेच्या ५० टक्क्यांवर बेस स्टेशनवरची एकूण पातळी थर्मल नॉइजच्या ३ डीबी वर जाते, ६० टक्क्यांवर ४, ७५ वर ६, ९० वर १० डीबी. मी ६० टक्के धरतो. ३४ च्या ६० टक्के, म्हणजे एका सेक्टरमध्ये वीस संभाषणं.

टेलिफोन वाहतुकीच्या अरलांग-बी तक्त्यात २० चॅनल आणि २ टक्के ब्लॉकिंगला (शंभरात दोन कॉल न लागणं) १३.२ अरलांग, म्हणजे सरासरी एका वेळी चालू असलेले १३.२ कॉल, मिळतात. एका ग्राहकाची गर्दीच्या तासातली सरासरी २५ मिलिअरलांग, म्हणजे तासात दीड मिनिट धरली, तर तीन सेक्टरच्या एका साइटवर सुमारे १५८० ग्राहक.

या साखळीत ७ डीबीचा आकडा सगळ्यांत महाग आहे. रिसीव्हर सुधारून तो ६ वर आणला तर माणसं २६ टक्क्यांनी वाढतात. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये अर्ध्या-अर्ध्या डीबीसाठी भांडायचं. चांगल्या आवाजाचा १३ किलोबिटचा व्होकोडर घेतला तर चॅनल दर १४,४०० होतो, गेन १२८ वरून ८५ वर येतो आणि क्षमतेचा एक तृतीयांश हातचा जातो. हा सौदा व्यावसायिक आहे, तांत्रिक नाही. तो इंजिनियरने एकट्याने करू नये.

पायरी ५ : आता कोड

दोन जातींचे कोड लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत : एक वॉल्श, दुसरे विस्कळीत दिसणारे लांब क्रम (पुढचे लाँग आणि शॉर्ट कोड). चार चिपचं उदाहरण वहीत करून बघा.

वॉल्श कोडमधल्या दोन ओळी घ्या. ‘अ’चा कोड : +१, +१, −१, −१. ‘ब’चा कोड : +१, −१, −१, +१. ‘अ’ला +१ बिट पाठवायचा आहे, ‘ब’ला −१. ‘ब’चा सिग्नल होतो −१, +१, +१, −१. दोघांची बेरीज : ०, +२, ०, −२. ही बेरीज ‘अ’च्या कोडने गुणून मिळवली की +४ येतं, ‘ब’च्या कोडने −४. दोघांचेही बिट अचूक सुटे झाले.

आता ‘ब’ला एका चिपचा उशीर करा आणि त्याचा बिट तोच राहिला असं धरा. ‘ब’चा सरकलेला कोड होतो +१, +१, −१, −१. हा तर हुबेहूब ‘अ’चा कोड! त्याचा बिट −१ असल्याने सिग्नल −१, −१, +१, +१, आणि ‘अ’शी बेरीज ०, ०, ०, ०. ‘अ’ नाहीसा झाला. वॉल्श कोड घड्याळ जुळेपर्यंतच एकमेकांपासून वेगळे असतात.

म्हणून बेस स्टेशनकडून फोनकडे जाताना, जिथे सगळे सिग्नल एकाच ठिकाणाहून एकाच ठोक्यावर निघतात, तिथे ६४ वॉल्श कोड चॅनल वेगळे करायला वापरतात. शून्य क्रमांक पायलटला (टॉवर ओळखायच्या सततच्या सिग्नलला), ३२ सिंकला (घड्याळ जुळवायला), १ ते ७ पैकी गरजेप्रमाणे पेजिंगला (फोनला हाक मारायला), बाकी बोलण्याला. उलट दिशेने फोन वेगवेगळ्या अंतरांवरून येतात, ठोका जुळत नाही. तिथे माणसं वेगळी करायचं काम लाँग कोड करतो. त्याची लांबी २ चा ४२ वा घात वजा १. तो पुन्हा सुरू व्हायला ४१ दिवस लागतात. प्रत्येक फोनला त्याच्या ओळखीवरून या कोडातलं वेगळं स्थान मिळतं. वॉल्श कोड याही दिशेला असतात, पण वेगळ्या कामाला : दर सहा कोडेड बिटांवरून ६४ पैकी एक वॉल्श ओळ निवडून तीच पाठवतात, म्हणजे बेस स्टेशनला फोनच्या कॅरियरचा (सिग्नल वाहणाऱ्या मूळ लहरीचा) फेज, म्हणजे लहर फेरीत नेमकी कुठे आहे ते, माहीत नसला तरी चालतं.

बेस स्टेशनं एकमेकांपासून वेगळी होतात शॉर्ट कोडने. त्याची लांबी ३२,७६८ चिप, आणि दोन सेकंदांत तो बरोबर ७५ वेळा फिरतो. सगळी बेस स्टेशनं हाच कोड पाठवतात, फक्त प्रत्येकाचा आरंभ ६४ चिपच्या पटीत पुढे-मागे. असे ५१२ आरंभ मिळतात. ६४ चिप म्हणजे ५२ मायक्रोसेकंद, रेडिओसाठी साडेपंधरा किलोमीटर. शेजारच्या साइटांना लागोपाठचे क्रमांक दिले, तर लांबच्या साइटचा उशिरा आलेला पायलट जवळच्याचा समजला जाऊ शकतो. म्हणून मध्ये तीन-चार क्रमांक सोडून वाटप करतात. या सगळ्यासाठी प्रत्येक साइटचं घड्याळ जुळलेलं लागतं, ते जीपीएसवरून मिळतं. गंमत म्हणजे जीपीएस स्वतःही स्प्रेड स्पेक्ट्रमच आहे : १०२३ चिपचे गोल्ड कोड, सेकंदाला १०,२३,००० चिप.

वहीतल्या सरावासाठी पाच घरांचा शिफ्ट रजिस्टर (दर ठोक्याला बिट एक घर पुढे सरकवणारी रचना) घ्या आणि एक्सचा पाचवा घात अधिक एक्सचा वर्ग अधिक एक हे बहुपद लावा. ३१ चिपचा क्रम मिळेल. स्वतःशी जुळवल्यावर ३१, एक ते तीस चिपपर्यंत कितीही गोल सरकवला तरी −१. तसं आलं नाही तर फीडबॅकच्या तारा चुकल्या आहेत.

पायरी ६ : फ्रेम बांधणं

पूर्ण दराच्या २० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये व्होकोडरचे १७२ बिट, चूक ओळखायला १२ बिट सीआरसी आणि ८ टेल बिट (कोडर पुन्हा शून्यावर आणणारे), मिळून १९२. फोनकडे जाताना निम्म्या दराचा, नऊ लांबीचा कन्व्होल्युशनल कोड (चुका सुधारण्याचा) : ३८४ चिन्हं. उलट दिशेने एक तृतीयांश दराचा : ५७६. मग २० मिलिसेकंदांत इंटरलिव्हिंग, म्हणजे चिन्हांचा क्रम मिसळणं. त्याहून लांब इंटरलिव्हर घेतला तर फेडिंग (सिग्नलचं क्षणोक्षणी पडणं-चढणं) चांगलं झेपेल, पण बोलणारे एकमेकांवर आदळू लागतील. टेलिफोनसाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायचा असतो.

दर कमी असताना पॉवर कशी वाचवायची याचे दोन मार्ग आहेत. बेस स्टेशन चिन्हं दोनदा, चारदा, आठदा पाठवतं आणि तेवढी पॉवर कमी करतं. फोन मात्र फ्रेमच्या सोळा भागांपैकी आठ, चार किंवा दोनच भागांत ट्रान्समिट करतो आणि बाकी वेळ बंद राहतो. कोणते भाग चालू हे लाँग कोडवरून ठरतं, म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी चालू होत नाहीत.

सीआरसी नापास झालेली फ्रेम व्होकोडरला देऊ नका. मागच्या फ्रेमचे आकडे पुन्हा वापरा, आवाज थोडा उतरवा. लागोपाठ फ्रेमा गेल्या तर शांतता द्या. शंभरात एक फ्रेम अशी गेली तर कानाला कळतही नाही. कच्चा चुकीचा डेटा व्होकोडरला दिला तर जो खरखरीत चीत्कार येतो, तो ऐकल्यावर ही सूचना कुणी विसरत नाही.

पायरी ७ : पॉवर कंट्रोल

बहुतेक कच्ची डिझाइन्स इथेच कोसळतात, म्हणून जरा थांबून बघू.

एक फोन टॉवरपासून १०० मीटरवर, दुसरा २ किलोमीटरवर. अंतराच्या साडेतीनव्या घाताने सिग्नल पडतो असं धरलं, तर दोघांत ४५ डीबींचा फरक. आपला प्रोसेसिंग गेन २१. दोघांनी सारखीच पॉवर पाठवली तर जवळचा फोन लांबच्याला पुरता गाडून टाकतो. कितीही सुंदर कोड घेतला तरी हे २४ डीबी कोड भरून काढत नाही.

पहिला थर ओपन लूप. फोन बेस स्टेशनचा सिग्नल मोजतो आणि त्यावरून स्वतःची पॉवर ठरवतो. ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात नियम असा की, मिळालेली आणि पाठवायची पॉवर डीबीएममध्ये (एका मिलिवॉटच्या तुलनेतल्या डीबीमध्ये) मिळवली की उणे ७३ यावी. उणे ८५ मिळाले तर अधिक १२ डीबीएम पाठवा. साधा अंदाज, पण ४५ डीबींचा फरक बराचसा इथेच मिटतो.

तो पुरत नाही, कारण जाण्या-येण्याच्या फ्रिक्वेन्सीत ४५ मेगाहर्ट्झचं अंतर आहे आणि दोघींचं फेडिंग वेगवेगळं चालतं. म्हणून दुसरा थर, क्लोज्ड लूप : बेस स्टेशन दर १.२५ मिलिसेकंदाला फोनची पातळी मोजतं आणि एकच बिट पाठवतं, एक डीबी वर किंवा एक डीबी खाली. सेकंदाला ८०० आज्ञा. हे बिट मुद्दाम एरर करेक्शनशिवाय, बोलण्याची दोन चिन्हं खोडून त्यांच्या जागी घुसवलेले असतात. कोडिंग आणि इंटरलिव्हिंगमधून गेले तर २० मिलिसेकंद उशिरा पोहोचतील, आणि तोवर फेड येऊन गेलेला असेल. काही आज्ञा चुकीच्या वाचल्या गेल्या तरी पुढच्या आज्ञा त्या सावरून घेतात.

वेग पुरेसा आहे का हे तपासा. ८५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३५ सेंटिमीटर. ताशी ६० किलोमीटरला डॉप्लर (वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) ४७ हर्ट्झ, आणि अर्धी तरंगलांबी पार व्हायला साडेदहा मिलिसेकंद. तेवढ्यात आठ आज्ञा बसतात, जेमतेम जमतं. पायी चालणाऱ्याला पॉवर कंट्रोल पूर्ण सांभाळतो. एक्सप्रेसवेवरच्या गाडीच्या मागे तो पडतो, पण तिथे फेड इतके आखूड असतात की इंटरलिव्हर त्यांना पांगवतो. खरी परीक्षा मधल्या वेगाची, शहरातल्या रिक्षाची : फेड लूपसाठी जरा जलद आणि इंटरलिव्हरसाठी जरा लांब. चाचणीत ताशी ३० किलोमीटरची केस वगळू नका.

तिसरा थर आउटर लूप. बेस स्टेशनने किती पातळी मागायची? फ्रेम नापास झाली की लक्ष्य अर्धा डीबी वाढवा, पास झाली की अर्ध्या डीबीचा ९९ वा भाग कमी करा. लक्ष्य आपोआप अशा जागी स्थिरावतं जिथे शंभरात एक फ्रेम चुकते. एवढी छोटी युक्ती, पण जिन्यातल्या फोनला आणि गच्चीवरच्या फोनला हवी तेवढीच पॉवर यातूनच मिळते.

पायरी ८ : रिसीव्हर

फोन चालू झाला की त्याला शॉर्ट कोडचा आरंभ शोधावा लागतो. ३२,७६८ चिप, अर्ध्या-अर्ध्या चिपने सरकायचं, म्हणजे ६५,५३६ जागा. प्रत्येक जागी ६४ चिप जुळवून बघितल्या तर एका कोरिलेटरला (कोड जुळवून बघणाऱ्या भागाला) जवळजवळ साडेतीन सेकंद लागतात. २५६ बघितल्या तर जवळजवळ चौदा. म्हणून आधी थोड्या चिपवर घाईघाईने चाळायचं आणि आशा वाटेल तिथेच जास्त वेळ थांबायचं.

जास्त चिप एकदम मिळवल्या की सुटलो, असंही नाही. फोनच्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत दोन भाग धरली, तरी ८८० मेगाहर्ट्झला १७६० हर्ट्झचा फरक पडतो. २५६ चिपच्या काळात फेज एका फेरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरतो आणि २ डीबी गमावतो. १०२४ चिप घेतल्या तर फेज दीड फेरी फिरतो आणि बेरीज स्वतःलाच खोडते. तेव्हा २५६ चिप फेजसकट मिळवा आणि अशा तुकड्यांचे वर्ग पुढे बेरजेला घ्या.

एक चिप ०.८१ मायक्रोसेकंदाची, म्हणजे रेडिओला २४४ मीटर. इमारतींवरून परतून आलेली लहर त्याहून लांबच्या वाटेने आली, तर ती वेगळी पकडता येते. हेच काम रेक रिसीव्हर करतो. १९५८ पासून माहीत असलेली ही रचना आहे : तीन-चार बोटं, प्रत्येक एकेका वाटेवर बसलेलं, आणि त्यांची बेरीज ज्याच्या-त्याच्या ताकदीच्या प्रमाणात. फोनमध्ये तीन बोटं आणि एक सतत शोधत राहणारा सर्चर, बेस स्टेशनला चार. प्रत्येक बोटाला अर्धी चिप आधी आणि अर्धी चिप नंतर मोजणारा ट्रॅकिंग लूप द्या. दोन बोटं सरकत सरकत एकाच वाटेवर येऊन बसणार नाहीत हेही बघा. तसं झालं तर एकाच सिग्नलची दोनदा बेरीज होते आणि आकडे उगाच छान दिसतात.

पायरी ९ : लिंक बजेट

लिंक बजेट म्हणजे वाटेत किती पॉवर गमावता येईल याचा जमाखर्च. अडचणीची दिशा सहसा फोनकडून टॉवरकडची. थर्मल नॉइज आपल्या पट्ट्यात उणे ११३ डीबीएम. रिसीव्हरची नॉइज फिगर (त्याने स्वतः वाढवलेला गोंगाट) ५ : उणे १०८. हव्या ७ मधून प्रोसेसिंग गेन २१ वजा केला की उणे १४, म्हणजे रिकाम्या सेलची संवेदनशीलता उणे १२२. साठ टक्के भाराचे ४ डीबी मिळवा : उणे ११८.

फोनची पॉवर २०० मिलिवॉट, म्हणजे २३ डीबीएम. डोक्या-हाताचं नुकसान ३. टॉवरचा अँटेना केबल वजा जाता १३. सावलीसाठी राखीव ८, घराच्या भिंतींना १२, सॉफ्ट हँडऑफचा (एकाच वेळी दोन-तीन टॉवरांशी बोलण्याचा) फायदा ४. सगळं मिळून वाटेत १३५ डीबी गमवायची मुभा उरते. ८५० मेगाहर्ट्झ, ३० मीटर उंच टॉवर आणि शहरी हाटा सूत्राने (अंतराप्रमाणे सिग्नल किती पडतो ते सांगणाऱ्या) त्याचं अंतर येतं सुमारे १.८५ किलोमीटर. भिंतींचे १२ काढले, म्हणजे फक्त रस्त्यावरच्या फोनचा विचार केला, तर चार किलोमीटर.

आता भार ६० वरून ७५ टक्के करा. नॉइज दोन डीबींनी वाढते, अंतर १.६२ किलोमीटरवर येतं आणि सेलचं क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी आकसतं. कडेच्या घरातला फोन दुपारी लागतो आणि संध्याकाळी लागत नाही, त्यामागे हे असतं. साइट आखताना रिकाम्या सेलचा नकाशा साहेबांना दाखवू नका.

पायरी १० : आधी लॅपटॉपवर, मग टेबलावर

क्रम पाळा. एक युजर, फक्त नॉइज, एरर करेक्शन बंद : ७ डीबीला दहा हजारांत साधारण आठ बिट चुकायला हवेत. मग ३१ चिपचे रँडम कोड, दहा युजर, घड्याळं आणि कॅरियरचे फेज न जुळलेले, सगळ्यांची पॉवर सारखी, नॉइज शून्य : इतरांच्या सिग्नलला गोंगाट मानणाऱ्या साध्या अंदाजाने दहा हजारांत साडेसहाच्या आसपास, प्रत्यक्षात थोडं जास्त. मग नऊपैकी एकाच शेजाऱ्याला २० डीबी वर चढवा : त्याच अंदाजाने चुका जवळपास १८ टक्क्यांवर जातात, प्रत्यक्षात थोड्या कमी. पायरी ७ का एवढी लांबली ते या एका ओळीत दिसतं. हे तीन आकडे साधारण जुळल्याशिवाय फेडिंग, रेक आणि व्होकोडर जोडू नका. नंतर चूक कुठे आहे ते शोधता येत नाही.

टेबलावर दोन-तीन सॉफ्टवेअर रेडिओ बोर्ड केबल, कम्बायनर (सिग्नल एकत्र करणारा) आणि अटेन्युएटरने (सिग्नल उतरवणाऱ्या) जोडा. अँटेना नको : मोबाइलच्या पट्ट्यात परवान्याशिवाय हवेत ट्रान्समिट करणं बेकायदा, आणि केबलवर प्रत्येक डीबी आपल्या ताब्यात राहतो. अटेन्युएटर हाताने फिरवून जवळ-लांबचा फोन बनवा आणि पॉवर कंट्रोल किती वेळात सावरतो ते बघा.

पायरी ११ : हँडऑफ आणि रस्त्यावरची तपासणी

शेजारच्या सेलमध्ये तीच फ्रिक्वेन्सी असल्याने फोन एकाच वेळी दोन-तीन टॉवरांशी बोलू शकतो. एकाचा सिग्नल पडला तर दुसरा सावरतो; बजेटमधले ४ डीबी इथूनच आले. पण प्रत्येक जादा टॉवर स्वतःची पॉवर आणि एक वॉल्श कोड खर्च करतो. नव्या पायलटची पातळी, एकूण मिळालेल्या पॉवरच्या तुलनेत, उणे १४ डीबीच्या वर गेली की त्याला घ्या. उणे १६ च्या खाली काही सेकंद राहिली की सोडा. ही सुरुवातीची मूल्यं. रस्त्यावर फिरल्यावर ती बदलतात.

फिरताना तीन आकडे एकत्र नोंदवा : एकूण मिळालेली पॉवर, पायलटचं गुणोत्तर आणि फोन स्वतः पाठवत असलेली पॉवर. पॉवर कमी आणि फोन जोरात ओरडतोय, तर तिथे कव्हरेज नाही. पॉवर भरपूर, पण कुठलाच पायलट वर डोकं काढत नाही, तर तिथे चार-पाच टॉवर एकमेकांवर चढलेत. फोनला बोटं तीन. चौथ्याचा सिग्नल निव्वळ त्रास ठरतो. उड्डाणपुलांवर आणि उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर हे हमखास सापडतं. तिथे नवी साइट मागण्याआधी लांबच्या टॉवरचे अँटेना दोन-चार अंश खाली झुकवा, आणि त्याच रस्त्यावरून त्याच गर्दीच्या वेळी पुन्हा एक फेरी मारा.